कार्बोरेटर मोठा केला की बोट पळते का?

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी मला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेजचा विषय कुठून आला? कसबा बावड्यात हा प्रश्न पडायला नको होता. राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी बघून अख्खा जिल्हा आपला पावसाळा मोजतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला हा आकडा ५५ फुटांच्या वर गेला. शिये रस्ता बंद, तिकडं चिखली-आंबेवाडी पाण्यात. बोटी निघाल्या. बोटीला मागं लावलेलं ते छोटं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, आपल्याकडच्या बहुतेकांनी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितलं.

आणि कोल्हापूरचा माणूस इंजिन बघून नुसता बसत नाही. याची ताकद किती, वाढवता येईल का, हा त्याचा पुढचा प्रश्न. ज्या गावात मोटरसायकलचं जेट बदलून गाडी "उठवायची" हा दोन पिढ्यांचा उद्योग आहे, त्या गावात कुणीतरी म्हणणारच, की याला मोठा कार्बोरेटर टाकला तर? पुराच्या धारेला बोट चढेल. गेल्या काही वर्षांत मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की म्हटलं या वाक्याचाच इतिहास सांगावा. कारण हे वाक्य काही इंजिनांच्या बाबतीत शंभर टक्के खरं आहे, आणि बाकीच्यांच्या बाबतीत घातक आहे. दोन्ही कसं, ते इतिहासातच कळतं.

सुरुवात घरापासून करू. दरवर्षी दसऱ्याला न्यू पॅलेसवरून दसरा चौकात एक जुनी गाडी येते. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक. आपण सगळे तिचे फोटो काढतो. ही मेबॅक कंपनी विल्हेल्म मेबॅक आणि त्यांचा मुलगा कार्ल यांनी १९०९ साली काढली, ती झेपेलिनच्या विमानांची, म्हणजे त्या फुग्यांची इंजिनं करायला. गाड्या पुढं मुलाच्या हातच्या. पण वडिलांचं मोठं काम त्याच्याही आधीचं आहे, आणि ते दसऱ्याला कुणी सांगत नाही. आज आपण ज्याला कार्बोरेटर म्हणतो, बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारा, तो विल्हेल्म मेबॅकनी १८९३ साली केला.

त्याआधी काय होतं? एक डबा. डब्यात पेट्रोल, त्यावरून हवा फिरवायची, हवा पेट्रोलची वाफ घेऊन जायची. आपण ओलं धोतर वाऱ्याला टाकतो तसंच. याची गंमत अशी, की पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जायचा आणि तळाला जड भाग उरायचा. म्हणजे इंजिन सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरंच. तरीसुद्धा डाइमलर आणि मेबॅक यांनी १८८६ साली, ज्या वर्षी पहिल्या मोटारी निघाल्या त्याच वर्षी, नेकार नदीवर इंजिनाची बोट चालवली. लोकांना पेट्रोलची भीती होती, पाण्यात भडका उडेल म्हणून. सांगतात, की त्यांनी बोटीच्या कडेनं तारा आणि चिनी मातीचे खुंटे लावले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं ही विजेवर चालते. बोटीच्या इंजिनाचा इतिहास असा थोडा फसवाफसवीनंच सुरू होतो. पुढं अजून एक फसवाफसवी येणार आहे, ती लक्षात ठेवा.

फवाऱ्याच्या कार्बोरेटरवर मेबॅकचा एकट्याचा हक्क नाही, हेही सांगतो. हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी त्याच १८९३ साली, मेबॅकच्या काही महिने आधी, पेटंट मागितलं होतं. फूलवाली फुलांवर पाणी फवारताना बघून त्यांना सुचलं अशी कथा आहे. अशा कथा मी अर्ध्याच धरतो. पण फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या आपल्या शेतकऱ्याला ती लगेच पटेल.

आता हा फवारा उडतो कसा? माझ्या हातात एक जुना कार्बोरेटर आहे, पुढं फिरवतो, बघून परत द्या. मधून आरपार नळी आहे. ती मध्यावर बारीक झाली आहे. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात जातं, तसं या गळ्यातून हवा जोरात जाते. हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो. दाब कमी झाला की खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या छिद्रातून वर ओढलं जातं आणि फुटून हवेत मिसळतं. बस्स. खालच्या वाटीत जो फ्लोट आहे तो आपल्या छतावरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पातळी भरली की तो पेट्रोल बंद करतो.

या बारीक गळ्याला व्हेंचुरी म्हणतात. व्हेंचुरी हे इटालियन प्राध्यापकाचं नाव. त्यांनी १७९७ साली जे लिहिलं ते पाण्याच्या वाहण्याबद्दल. पुढं १८८७ च्या सुमारास क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन इंजिनिअरनी त्याच तत्त्वावर नळातलं पाणी मोजायचं यंत्र केलं आणि त्याला व्हेंचुरीचं नाव दिलं. म्हणजे कार्बोरेटरच्या पोटातली कल्पना मुळात पाण्याच्या माणसांची आहे. म्हणून मी ती पाण्याच्याच भाषेत समजावतो, आणि ती भाषा बावड्याला चांगली येते.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. देशभर इंजिनिअर लोक त्याला या नावानं ओळखतात. दगडी खांब, मधे गाळे, गाळ्यात बरगे. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडतं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे, पूर मोकळा जातो. आता मला सांगा, मे महिन्यात तुम्ही सगळे बरगे काढले तर नदीला पूर येईल का? नाही. अडवलेलं तेवढं वाहून जाईल आणि पात्र कोरडं पडेल. पाणी किती येणार हे वर पाऊस किती पडला आणि राधानगरीतून किती सोडलं यावर. बरगे फक्त वाट देतात किंवा अडवतात.

कार्बोरेटर म्हणजे बरगे. इंजिनाचा सिलिंडर म्हणजे नदी. एका फेऱ्यात सिलिंडर किती हवा ओढणार हे सिलिंडरच्या मापावर ठरतं. मिनिटाला फेरे किती, हे बाकीच्या रचनेवर. कार्बोरेटरचा गळा जर त्या हवेला कमी पडत असेल, तर गळा मोठा केल्यावर ताकद वाढते. कमी पडत नसेल, तर मोठा करून काय मिळणार? मे महिन्यातला बंधारा.

मग प्रश्न असा, की कंपनी मुद्दाम बारीक गळ्याचा कार्बोरेटर का टाकेल? इथून खरा इतिहास सुरू होतो.

आउटबोर्ड मोटर लोकप्रिय केली ती ओले एव्हिनरूड यांनी. नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेलेला कारागीर माणूस. १९०९ साली मिलवॉकीत त्यांचं इंजिन विक्रीला आलं. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन साधारण २८ किलो. त्याच्या आधी पॅरिसमध्ये त्रुवेनी १८८१ ला विजेची मोटर बोटीला मागं टांगली होती, अमेरिकेत वॉटरमन यांचं पेट्रोल इंजिनही आधीच आलं होतं. पण दोन माणसांनी उचलून होडीला अडकवायचं आणि चालू करायचं, ही सवय लोकांना एव्हिनरूडनी लावली. जाहिरात आणि हिशोब बायकोनं, बेस एव्हिनरूडनं, सांभाळला. तिची तब्येत बिघडली तेव्हा त्यांनी कंपनी विकली. मग १९२१ साली ॲल्युमिनियमचं हलकं जोड-सिलिंडर इंजिन घेऊन पुन्हा धंद्यात उतरले. १९२९ ला सगळं एकत्र होऊन एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं पुढं एकाच घरात, आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनमध्ये आली.

आता १९७४ वर येतो. या घरानं त्या सुमारास दोन इंजिनं बाजारात आणली. एक ९.९ हॉर्सपॉवर, एक १५. दोन्ही दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, दोन्हीचं माप २१६ सीसी. ब्लॉक तोच, पिस्टन तोच, वजन जवळपास तेच. मुख्य फरक कार्बोरेटरच्या गळ्यात. छोट्या गळ्याचं ९.९ आणि मोठ्या गळ्याचं १५.

दहा का नाही, ९.९ का? अमेरिकेत अनेक तलावांवर दहा हॉर्सपॉवरची मर्यादा होती. पिण्याच्या पाण्याचे तलाव, मासेमारीचे तलाव. मर्यादेच्या आत बसणारं पण जमेल तेवढं मोठं इंजिन लोकांना पाहिजे होतं. म्हणून दहाला एक दशांश कमी. बाटाच्या दुकानात चपलेची किंमत ९९ रुपये ९५ पैसे असायची ना, त्यातलाच प्रकार! हा आकडा कायद्यातून निघाला आणि मग धातूत उतरवला गेला. एकच साचा ओतायचा, एकच मशीनिंग, आणि शेवटी पाव किलोचा एक भाग बदलून दोन किमती लावायच्या. आपल्या उद्यमनगरातल्या कुठल्याही कारखानदाराला विचारा, तो म्हणेल यात चूक काय, मी पण हेच करीन.

तर अशा इंजिनात मोठा कार्बोरेटर टाकला की काय होतं? बरगे निघतात. वर पाणी साठलेलंच होतं. ९.९ चं खरोखर १५ होतं, दीडपट. तिकडच्या मेकॅनिकना हे लगेच कळलं आणि ती गोष्ट पन्नास वर्षं तोंडोतोंडी फिरत राहिली. झाकणावर ९.९ चं स्टिकर, आत १५ चा कार्बोरेटर, आणि तलावावरचा रखवालदार बघतोय स्टिकर. ही दुसरी फसवाफसवी.

पण फिरताना गोष्टीतलं अर्धं वाक्य गळून पडलं. मूळ वाक्य असं होतं: "या इंजिनाला कंपनीनं मुद्दाम आवळलं आहे, म्हणून कार्बोरेटर बदलला की ते मोकळं होतं." उरलं काय, तर "कार्बोरेटर बदलला की ताकद वाढते." आणि हे उरलेलं वाक्य कुठल्याही इंजिनाला लावायला लोक मोकळे. मला वाटतं तंत्रज्ञानाच्या इतिहासात असं फार होतं. कारण विसरतं, कृती उरते. दुसऱ्या कंपन्यांच्या जोड्यांमध्ये तर फरक कार्बोरेटरमध्ये नसून रीड व्हॉल्व्हमध्ये किंवा एक्झॉस्टमध्ये असतो. काहींमध्ये सीसीच वेगळं. तिथं तुम्ही कितीही मोठा गळा लावा.

मघाशी घातक म्हणालो ते कशामुळं, तेही सांगतो, कारण ते पुराशी थेट जोडलेलं आहे. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं नसतं, पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. ५० लिटरला एक लिटर, असं काहीतरी. आता गळा मोठा केला आणि जेट जुनंच ठेवलं किंवा अंदाजानं बसवलं, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असं होऊ शकतं. पेट्रोल कमी म्हणजे नुसतं पेट्रोल कमी नाही, ऑइलही कमी. आग जास्त, वंगण कमी. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. इंजिन सीझ. मोटरसायकलवर हे झालं तर गाडी ढकलत घरी जाता येतं. भरल्या पंचगंगेत बारा माणसं बोटीत असताना झालं तर?

दुसरी गोष्ट कमी वेगाची. मोठ्या गळ्यातून हळू वेगात हवा सावकाश जाते, ओढ बसत नाही, पेट्रोल नीट फुटत नाही. इंजिन फुल थ्रॉटलला छान आणि हळू चालताना अडखळतं, थ्रॉटल एकदम दिला की गुदमरतं. पुरातली बोट फुल थ्रॉटलला किती वेळ चालते? ती चालते गल्लीतून. विजेच्या तारा डोक्यावर, कंपाउंडच्या भिंती पाण्याखाली, उसाचे शेंडे पंख्यात अडकतात, केंदाळ आहे, कुणाची म्हैस दावणीला तरंगते आहे. तिथं इंजिन हळू आणि न थांबता चाललं पाहिजे.

(श्रोत्यांतून : पण सर, धारेला चढायला ताकद लागतेच की. २०१९ ला आम्ही बघितलंय.)

बरोबर आहे. हा मुद्दा टाळता येणार नाही, हिशोब करू. माणसांनी भरलेली, पाण्यात दबलेली बोट असते, पाण्यावर उचलून पळणारी नव्हे. तिचा वेग वाढवायला लागणारी ताकद ढोबळ मानानं वेगाच्या घनाप्रमाणं वाढते. म्हणजे ताकद दीडपट केली तर वेग दीडपट होत नाही, साधारण १५ टक्के वाढतो. ताशी ८ किलोमीटरची बोट ९.२ ला जाते. संथ पाण्यात हा फरक जाणवणारसुद्धा नाही. पण धार ताशी ५ ची असेल तर? आधी तुम्ही काठाच्या हिशोबानं ३ नं वर चढत होता, आता ४.२ नं चढता. हा फरक चाळीस टक्क्यांचा आहे. म्हणजे तुमचं म्हणणं खरं आहे, धारेला चढताना ताकद उपयोगी पडते. फक्त ती ताकद १५ चं इंजिन म्हणून बनवलेल्या इंजिनातून घ्यावी, त्याला जुळणारा पंखा लावून, आणि ज्या बोटीची मागची फळी तेवढं सोसते अशा बोटीवर. बोटीवर किती हॉर्सपॉवर आणि किती माणसं हे लिहिलेलं असतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, १७ जण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बोटीत होती. इंजिनाची ताकद तिथं कामाची नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो.

आता थोडं आपल्या बाजूचं. नदीकाठी इंजिन हा शब्द आपल्याकडं बोटीमुळं आला नाही, पाणी उपसण्यामुळं आला. उसाला पाणी. त्यातलं मोठं इंजिन डिझेलचं, त्याला कार्बोरेटर नसतोच, तिथं पंप आणि नोझल. पण लहान पंपाला पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायची इंजिनं होती, इथल्या वयस्कर मंडळींना आठवत असतील. गरम व्हायच्या आत रॉकेलवर टाकलं की ती बंद पडायची, आणि मग प्लग काढून पुसा. कार्बोरेटर साफ करायला आपला शेतकरी तिथं शिकला. नंतर मोटरसायकली आल्या, गॅरेजं आली. पिन वर-खाली करून, जेट बदलून, कानानं आवाज ऐकून मिश्रण लावणारे मिस्त्री तयार झाले. या कानाला मी फार मानतो. कुठल्या पुस्तकात ते लिहिलेलं नाही.

आणि ते आता जाणार. अमेरिकेत १९९६ ला आउटबोर्डच्या धुराचे नियम झाले. जुनं टू-स्ट्रोक पाव भाग पेट्रोल न जळताच नदीत सोडतं, म्हणून. २००६ पर्यंत ते नियम टप्प्याटप्प्यानं लागू झाले आणि कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक तिथल्या दुकानातून गेलं. आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, एव्हिनरूड हे नाव दुसऱ्यांनी चालवलं, २०२० ला तेही बंद झालं. आपल्याकडं १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटरसायकलीतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. आजच्या पोरानं फ्लोटची वाटी उघडलेली नसते.

तोवर पेट्रोलही बदललं. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ते इथेनॉल बऱ्यापैकी आपल्याच उसाचं. शुद्ध पेट्रोलला वजनानं सुमारे १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर ते इंजिन आपोआप जरा कोरडं चालतं. कुणी कार्बोरेटर बदललेला नसताना! वर मोठा गळा लावणाऱ्यानं याचा विचार केलेला असतो का? मला शंका आहे. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पुराचं इंजिन वर्षातून पंधरा दिवस चालतं आणि साडेअकरा महिने कुठंतरी कोपऱ्यात पडून असतं. वाटीतलं पेट्रोल उडून जातं, तळाला चिकट थर उरतो. सुईच्या टोकाएवढं पायलट जेट त्यात बुजतं. जुलैत दोरी ओढतात, चालू होत नाही. झालं तर जोर लागत नाही. मग कुणीतरी म्हणतं, याला मोठा कार्बोरेटर पाहिजे.

(श्रोत्यांतून : मग तुमच्याकडं ९.९ चं इंजिन आणून दिलं तर तुम्ही काय कराल?)

आधी नंबर प्लेट वाचीन, सीसी बघीन. त्याच मापाचं १५ चं मॉडेल कंपनीनं काढलं होतं का ते कंपनीच्या पार्ट-बुकात शोधीन. काढलं असेल तर दोन्हीकडचा एकेक पार्ट नंबर ताडून बघीन, नुसता कार्बोरेटर नाही, रीड आणि एक्झॉस्टसुद्धा. सगळं जुळलं तर पुढं बोलू. पण त्याआधी वाटी खोलून पायलट जेट साफ करीन, फ्लोटची पातळी बघीन, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर बदलीन, कारण गढूळ पाण्यात तो सगळ्यात आधी जातो. मग पिंपात पाणी भरून त्यात इंजिन टांगीन आणि अर्धा तास चालवीन. मे महिन्यात, बंधाऱ्याचे बरगे काढायला माणसं येतात त्याच्या आधी. ठेवायच्या वेळी पेट्रोलचा पाइप काढून, वाटीतलं संपेपर्यंत चालवून बंद करीन.

तो कार्बोरेटर फिरत फिरत मागं गेलाय, तेवढा परत द्या. त्यातलं जेट आता मिळत नाही.